लपलेला मासा पकडायला सोपा

निलंगा
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. साक्षीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, इकडील सर्व मंडळी खुशाल असून तुझी व जावईबापूंची खुशाली कळावी. तू घर सोडलेस त्याला सहा महिने झाले. झाले ते झाले. कुणाच्याही मनात आता राग उरलेला नाही. परवा जेवताना मोठे तात्या म्हणाले की, पोरगी ती आपलीच. बालाजी तर भाऊबीजेच्या तयारीलाच लागला आहे. तुझ्यासाठी साडी आणि जावईबापूंना आहेर आणून ठेवला आहे. तीन नोव्हेंबरला रविवार आहे. सकाळी नांदेडहून निघालात तर दुपारपर्यंत पोहोचता. दोघांनी जोडीनेच यावे. बालाजी स्वतः स्टँडवर घ्यायला येईल. चुलत असला तरी तो तुझा एकुलता एक भाऊ आहे, हे विसरू नये.

तुझे मासे मजेत आहेत. त्यांना आपल्या बोअरचे जड पाणी सोसत नव्हते, म्हणून मी रोज जारचे फिल्टर पाणी घालतो. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून शंख साबणाने घासून घेतो. त्यांना सोबत म्हणून दोन मोठे गोल्डफिश आणून सोडले आहेत. सगळे एकत्र मजेत खेळतात.

तुझा फोन लागत नाही म्हणून तुझ्या तनुजा मॅडमच्या नावाने कॉलेजच्या पत्त्यावर पाठवत आहे. वाट पाहतो.

तुझा,
श्रीमंत अप्पा


निलंगा
२३ ऑक्टोबर २०२४

साक्षी,

येऊ नकोस. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

कालचं अक्षर माझं आहे, बोलणं बालाजीचं. तो ओसरीवर माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला आणि एकेक वाक्य सांगत गेला, मी लिहीत गेलो. 'अनेक उत्तम आशीर्वाद' हेसुद्धा त्याचंच. मी तुला जन्मात कधी असं लिहिलं नाही. तू हॉस्टेलवर असताना एस.टी.तून डबा पाठवायचो, त्यात चिठ्ठी असायची: 'साक्षीमाय, ताक नासायच्या आत पी.' माझं लिहिणं तेवढंच. पत्र झाल्यावर त्यानं ते दोनदा वाचलं, पाकीट स्वतः चिकटवलं आणि माझ्या पाया पडून गेला. त्याच्या शिव्यांची मला इतकी भीती वाटत नाही, जितकी त्या पाया पडण्याची वाटते. साडी त्यानं आणलेली नाही. जीपच्या सीटखाली काहीतरी पोत्यात गुंडाळून ठेवलंय. काय आहे ते मी विचारलं नाही.

माशांचं जे लिहिलं ते मात्र माझं स्वतःचं. फिल्टरचं पाणी, साबण, गोल्डफिश! यातली एक गोष्ट जरी केली तरी हे मासे मरतील, हे तूच मला शिकवलंस. बालाजीला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तो म्हणाला, "लिव्हा, लिव्हा, माशाचं वाचून तिला बरं वाटंल." मला वाटलं, तू वाचशील, तुझं डोकं फिरेल, आणि मग तुझ्या लक्षात येईल की अप्पा खोटं बोलतोय, म्हणजे अख्खं पत्रच खोटं आहे. लिहिताना मी स्वतःवरच खूष झालो होतो. पत्र पोस्टात पडलं आणि मग सुचलं, तुला नुसताच राग आला तर? अप्पाची अक्कल गेली, आता मासे मरतील, म्हणून तू त्यांना वाचवायला धावत आलीस तर? तू तशी आहेसच. म्हणून आज ड्यूटीवर बसून हे दुसरं पत्र लिहितोय. एस.टी. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी कोण काय लिहितंय ते कुणी बघत नाही, सगळ्यांना बस किती वाजता हेच विचारायचं असतं.

आता खरं सांगतो. पाणी आपल्या बोअरचंच आहे. ज्या पाण्यानं आपल्या घागरी पांढऱ्या पडल्या, तुझ्या आईची डाळ जन्मभर शिजली नाही, ते पाणी या माशांना अमृतासारखं लागतं, हे मला अजून पटत नाही, पण डोळ्यांनी बघतोय. आठवड्याला टाकीतलं पाचवा हिस्सा पाणी काढतो, तेवढंच भरतो. दोन वेळा चिमूटभर दाणे चुरून टाकतो. तू आठ सोडून गेलीस, आता वीसच्या वर आहेत. नक्की आकडा लागत नाही. मी काचेपाशी गेलो की सगळे फडाफड आपापल्या शंखात, आणि टाकीत नुसती वाळू आणि शंख. परवा तात्या येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आरं श्रीमंता, रिकामं डबकं कशाला राखायलास?" मी म्हणालो, शोभेला आहे.

शंख ते तूच आणलेले. सोयाबीनवर गोगलगायी पडल्या होत्या त्या वर्षी, गडी त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकत होते, आणि तू रिकामे शंख ओढणीत गोळा करून घरी आणून तुझ्या आईच्या पातेल्यात उकळलेस. ते पातेलं तिनं पुन्हा चुलीवर चढवलं नाही. अजून ते मोरीत आहे, आणि ती अजून त्याला शिव्या देते.

येऊ नकोस. हे मिळाल्याचं काहीतरी कळव. मला पत्ता सांग, मी येणार नाही. नुसता माहीत असला तरी जिवाला बरं वाटेल.

अप्पा


निलंगा
१८ नोव्हेंबर २०२४

साक्षी,

तुझी चिठ्ठी मॅडमच्या पाकिटातून मिळाली. चार ओळी. 'दोन्ही पत्रं मिळाली. पाणी बोअरचंच ठेवा. थंडी वाढली की हीटर लावा. साबण लावला नाही ना?' वर अप्पा नाही, खाली साक्षी नाही. पण अक्षर तुझं आहे. ती चिठ्ठी मी वाहतूक नोंदवहीच्या पुठ्ठ्यात ठेवली आहे आणि दिवसातून दोनदा काढून बघतो.

ती मला आधी मिळायला हवी होती बाई. भाऊबीजेच्या दिवशी माझं काय झालं ते मी कुणाला सांगू? माझं दुसरं पत्र पोचलं का नाही, मला ठाऊक नव्हतं. बालाजी सकाळी दहालाच जीप घेऊन स्टँडवर आला. कपाळाला गंध, अंगात नवा शर्ट. खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, नांदेडची गाडी लागली की माईकवरून जरा मोठ्यानं सांगा बरं का." मग फलाटासमोर बाकावर बसला. आणि मी दिवसभर नांदेडच्या गाड्या पुकारत राहिलो. पंचवीस वर्षं पुकारतोय, कधी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी 'नांदेड' म्हणताना अडखळली. प्रत्येक गाडीचं दार उघडलं की बायाबापड्या, पोरं, पिशव्या उतरायच्या आणि मी एकेक तोंड बघायचो. दीडच्या गाडीतून निळ्या ओढणीची एक पोरगी पाठमोरी उतरली, तुझ्यासारखीच वेणी. बालाजी उठून उभा राहिला. माझ्या हातातला माईक चालू होता, आणि त्यातून माझा श्वास अख्ख्या स्टँडला ऐकू गेला असेल. ती वळली. औराद शहाजानीकडची कुणीतरी होती, माहेरी निघालेली. बालाजी पाच वाजेपर्यंत बसला. जाताना माझ्यासाठी चहा सांगून गेला.

साक्षी, तो वाईट नव्हता ग. तुला सायकल त्यानंच शिकवली, तू पडलीस तर स्वतःच्या गुडघ्याला खरचटल्यासारखा तोच रडला. तुझा संघपाल बौद्ध आहे आणि आपण पाटलाचे, एवढ्या एका गोष्टीनं त्या पोराचं काय झालं ते मला समजत नाही. आणि माझं काय झालं, तेही.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मोठ्या तात्यांनी तुला वरच्या खोलीत अकरा दिवस कोंडलं. कुलूप बालाजीनं लावलं, पण किल्ली माझ्याकडे दिली होती. "बापाकडंच असूंदे," म्हणाले. ती खिशात घेऊन मी रोज ड्यूटीला जात होतो. तू आतून 'अप्पा' म्हणून हाक मारायचीस तेव्हा मी जिन्याखाली चप्पल शोधत बसायचो. बाराव्या दिवशी दुपारी मी जेवून पडलो होतो. तुझ्या आईनं खुंटीवरच्या शर्टातून किल्ली काढली. मी जागा होतो. डोळे गच्च मिटून पडलो आणि घोरण्याचा आवाज काढला. तू जिन्यावरून उतरलीस, तुझ्या पावलाचा आवाज मी ऐकला. इतके महिने मी मनातल्या मनात त्याचं श्रेय घेत होतो, की अप्पानं झोपेचं सोंग घेतलं म्हणून पोरगी सुटली. एकदा तुझ्या आईला बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "झोपेचं सोंग घ्यायला काय मर्दुमकी लागती व्हय? उठून दार उघडायचं व्हतं की." मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

टाकीतला तो मोठा नर आहे ना, दीड इंचाचा, मी पाणी काढायला हात घातला की तो माझ्या बोटावर धावून येतो. चावतो. त्याच्या दहा पिढ्या माझ्या तळहातावर मावतील, तरी धावून येतो. मला त्याचा राग येतो. खरंच येतो.

पत्ता कळव ना. मी कुणाला सांगणार आहे?

अप्पा


निलंगा
६ जानेवारी २०२५

साक्षीमाय,

तुला दिवस गेलेत हे मॅडमनी कळवलं. तुझी आई आधी हसली, मग देवळीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. सारखी विचारते, किती महिने, उलट्या होतात का, चिंच मिळते का तिथं. तिथं म्हणजे कुठं, हे आम्हाला माहीत नाही, पण चिंच सगळीकडेच मिळत असेल.

आणि तू लिहिलंस, 'माझे मासे पाठवता का.' मागून मागून काय मागितलंस! मी लगेच हो म्हणालो. आज सकाळी वैजनाथकडे दिलेसुद्धा. वैजनाथ म्हणजे आपला नांदेड गाडीचा कंडक्टर, तुझा डबा जो न्यायचा तोच. त्याला नुसतं म्हणालो, मॅडमचे मासे आहेत, जपून ने. मॅडमनी या वेळी पत्रात नंबर दिला होता, त्यावर फोन करून ठेवला होता. पत्रं कॉलेजात पडून राहिली तरी चालतात, मासे राहत नाहीत, म्हणून मॅडम स्वतः स्टँडवर यायला तयार झाल्या.

कसे भरले ते ऐक, तुला खोट काढायची असेल तर काढ. आदल्या दिवशी खायला दिलं नाही. मेडिकलवाल्याकडून औषधाचा थर्माकोलचा डबा आणला. जाड पिशवीत टाकीतलंच पाणी, वर दुप्पट हवा, तोंडाला रबर. मासे पकडायचे कसे, हा मोठा प्रश्न होता. आधी जाळी घेऊन अर्धा तास टाकी घुसळली, एकही सापडला नाही. मग तुझी आई म्हणाली, "आव, शंखासकट उचला की." आणि खरंच, हात घातला, सगळे शंखात पळाले, मी पाण्यातल्या पाण्यात शंख अलगद उचलून पिशवीत ठेवले. एकसुद्धा बाहेर आला नाही. माझ्या मुठीत होते, तरी आतच. वाटत असेल, घरात आहोत. अकरा शंख दोन मिनिटांत भरले. उघड्यावर पळणारा मासा माझ्या हाती लागला नाही आणि लपलेला मासा आपोआप आला. मला हे बघून बरं वाटलं नाही. पिशवीतले शंख मोजताना मधेच थांबलो, तुझी आई म्हणाली, काय झालं, मी म्हणालो काही नाही.

नर तुझ्याकडे पाठवला आहे. माझ्याकडे नऊ-दहा राहिलेत, त्यात दुसरा एक नर मोठा होतोय. पोचल्यावर पिशवी तासभर टाकीच्या पाण्यात तरंगत ठेव, एकदम ओतू नकोस. तूच शिकवलेलं तुलाच सांगतोय, म्हातारा झालो.

तुला काय हवं नको ते लिही. जावयांना नमस्कार सांग. हे मासे त्यांनीच तुला कॉलेजच्या शेवटच्या दिवशी दिले होते, हे मला मॅडमकडून आत्ता कळलं. म्हणजे नऊ महिने मी जावयाचा आहेर सांभाळत होतो. असू दे.

अप्पा


निलंगा
११ जानेवारी २०२५

साक्षी,

मॅडमना फोन केला आहे, त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, म्हणून हे पत्र तुला सावध करायला नाही. हे मिळेल तेव्हा तू त्या खोलीत नसशील, अशी आशा करतो. कोणती खोली, ते मला ठाऊक नव्हतं आणि आता निदान गावाचं नाव ठाऊक झालं आहे, तेही बालाजीच्या तोंडून.

तो दुपारी चारला आला. खिडकीतून आत हात घालून माझ्या टेबलावर भज्यांचा पुडा ठेवला. म्हणाला, "काका, मासे कुठं पाठवले?"

मी म्हणालो, कसले मासे?

"आव, वैजनाथ चहाच्या गाड्यावर सगळ्यायला सांगायला. शंकाचा डबा. मॅडमचे मासे मनला, पण मॅडमनं स्टँडवरच एका पोराच्या हातात देले आन् पोरगं उमरीच्या गाडीत बसलं. चष्मेवालं, सावळं. लई जपून मांडीवर घेऊन बसलं मनला डबा."

वैजनाथचा काही दोष नाही ग. तो भोळा माणूस, मासे एस.टी.नं गेले याचंच त्याला कौतुक. दोष माझा. पंचवीस वर्षं स्टँडवर काढली, कुठल्या गाडीतून कोण उतरलं आणि कोण कुठल्या गाडीत बसलं हे स्टँडवर कधी लपत नाही, हे मला माहीत असायला नको? तुझे डबे एस.टी.नं पाठवायची जुनी सवय, तीच आता नडली. मॅडमकडे पत्रं जात होती तोवर तू सुखरूप होतीस. मी मासे पाठवले आणि संघपालला उजेडात आणलं.

बालाजी म्हणाला, "उमरी काय मोठी न्हाई, काका. दोन दिवसांत घर सापडंल. तुमी भजे खा." मी खाल्ली. त्याच्यादेखत दोन भजी खाल्ली, साक्षी. हात नको म्हणत होता आणि तोंड खात होतं. तो गेला आणि मी स्टँडच्या मागं जाऊन ओकलो. मग डेपोच्या फोनवरून मॅडमना लावला. त्या फक्त एवढं म्हणाल्या, "मी बघते, तुम्ही आता गप्प राहा." गप्प राहायला मला कुणी शिकवायला नको.

रात्रपाळीचा माणूस आला की घरी जाईन. जीप दारात असेल का नसेल, हे बघायची हिंमत होत नाही.

अप्पा


नांदेड
१६ जानेवारी २०२५

साक्षीमाय,

हे पत्र मॅडमकडून नाही, पोलिसांच्या हातून येईल. घाबरू नकोस. कसं काय ते ओळीनं सांगतो.

बारा तारखेला पहाटे जीप गेली. त्या दिवशी आणि तेराला मॅडमचा फोन बंद होता. तुझी आई संक्रांतीचे तीळ निवडत बसली होती, एकच मूठ तीळ दोन दिवस. मी ड्यूटीवर गेलो, कारण घरात बसवेना. चौदाला, संक्रांतीच्या सकाळी, बालाजी खिडकीशी आला. डोळे लाल, शर्टाला चिखल. खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि माझ्या नोंदवहीवर एक शंख ठेवला. आपला शंख. शेताच्या मातीचा तो तपकिरी पट्टा मी ओळखतो. त्यातून शेपटीचं टोक बाहेर आलं होतं, वाळलेलं.

"तुमचा माल, काका," म्हणाला आणि गेला.

मी तो शंख बघत बसलो. लोक खिडकीवर टकटक करत होते, उदगीर कधी, लातूर कधी. मला वाटलं, संपलं. मला वाटलं, तू आणि तुझ्या पोटातलं, दोन्ही. शंख तुझ्या घरातून आला म्हणजे हा तुझ्या घरात जाऊन आला. मी विचारायला हवं होतं, माझी पोरगी कुठाय रे? माझ्या तोंडून शब्द आला नाही. त्या वेळीसुद्धा आला नाही. मी माईक उचलला आणि उदगीरची गाडी पुकारली. मग उठलो, शंख खिशात घातला, आणि ड्यूटी तशीच टाकून घरी आलो. नोकरीत पहिल्यांदा.

तुझ्या आईच्या हातात शंख ठेवला. ती किंचाळली नाही. म्हणाली, "मेली का माजी लेक?" मी म्हणालो, ठाऊक नाही. "इचारलं न्हाई?" मी म्हणालो, नाही. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला, पायात चप्पल घातली, टाकीतली मोटार बंद पडू नये म्हणून शेजारच्या नागुबाईला हाक मारून सांगितलं आणि म्हणाली, "चला. येत नसाल तर मी एकली जाते." आम्ही साडेदहाची नांदेड गाडी धरली. वैजनाथच होता. तो सगळी वाट आमच्याकडे न बघता रडत होता.

मॅडमच्या दारात गेलो तेव्हा त्यांनी दार उघडल्या उघडल्या सांगितलं, "दोघं सुखरूप आहेत. अकराच्या संध्याकाळीच बाहेर काढलं. टाकी तेवढी तिथंच राहिली." तुझी आई उंबऱ्यातच खाली बसली. फोन का बंद होता, तर बालाजी त्यांनाही फोन करून धमकावत होता म्हणून. खोलीचं कुलूप तोडलेलं होतं आणि टाकी फोडलेली, हे त्यांनी नंतर सांगितलं. तो नर माझ्या बोटाला चावायचा. त्यानं बालाजीलाही सोडलं नसेल.

मग आम्ही तिघं पोलिसांत गेलो. तिथं एक बाई अधिकारी आहेत, तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कागद पुढे केला. माझी मान जी खाली गेली ती वर येईना. सख्खा भाऊ, सख्खा पुतण्या. गाव काय म्हणेल, वाटणी काय होईल, त्या घरात परत पाय कसा ठेवायचा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. आणि हातच हलेना, साक्षी. खोटं कशाला सांगू. तुझी आई म्हणाली, "आता तरी त्वांड उघडा. त्या दिवशी घोरलाव, आज न्हाई." अधिकारी बाईंना ते समजलं नाही. मी त्यांना समजावून सांगितलं. किल्लीपासून सांगितलं. पहिलं नाव माझंच लिहायला लावलं: श्रीमंत, मुलीचा बाप, अकरा दिवस किल्ली याच्या खिशात होती. मग हणमंतराव, म्हणजे आपले तात्या, मग बालाजी. सीटखालच्या पोत्याचंही सांगितलं. ते आता त्यांनी जप्त केलंय. त्यात काय होतं ते त्यांनी मला वाचून दाखवलं, तुला सांगणार नाही. बालाजीला ताब्यात घेतलं आहे. तात्या बाहेर आहेत, आणि त्यांचे लोक पुष्कळ आहेत. तेव्हा भीती संपली असं समजू नकोस.

आम्ही दोघं निलंग्याला परत जाणार नाही. सध्या नायगावला तुझ्या मामाकडे आहोत, आज या पत्रासाठी नांदेडला आलोय. बदलीचा अर्ज दिला आहे. तुझी आई नागुबाईला रोज फोनवर माशांचं पाणी विचारते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

अधिकारी बाई म्हणाल्या, मुलीचा नवीन पत्ता आमच्याकडे आहे, तिची हरकत नसेल तर तुम्हाला देऊ. तुझी आई लगेच हो म्हणाली. आधीच्या पत्रांत मी तुझ्याकडे तेच मागत आलो. मी बाईंना म्हणालो, नको. तिला विचारूसुद्धा नका. तुझी आई मला मारायला उठली होती, मग माझं ऐकून घेतलं आणि परत खुर्चीत बसली.

मी स्वतःला ओळखतो, साक्षी. माझ्यासमोर कुणी खुर्ची घेऊन बसलं की तो सांगेल ते मी लिहितो. समोर भजी ठेवली की खातो. उद्या तात्यांची चार माणसं आली, मला एका खोलीत बसवलं, नुसता आवाज चढवला, तर मी तुझा पत्ता सांगून टाकेन. मारायचीसुद्धा गरज पडणार नाही. एकदा अर्ज दिला म्हणून माणूस शूर होत नाही. मी भित्रा होतो आणि भित्रा आहे, म्हणून माझ्या हाती हे देऊ नकोस.

गाव सांगू नकोस. जिल्हा सांगू नकोस. बाळ झाल्यावर दवाखान्याचं नाव असलेला कागद, बाळाचा फोटो, ज्यात मागं दुकानाची पाटी दिसेल, असं काहीही पाठवू नकोस. तुझी आई रडेल, तू ऐकू नकोस. मी कधी फोनवर म्हणालो की आता सगळं मिटलंय, बालाजी सुधारलाय, ये, तर समज की माझ्यासमोर कुणीतरी बसलं आहे. मी पत्ता मागितला तरी देऊ नकोस. मी रडून मागितला तरी देऊ नकोस.

तुझा,
अप्पा